कुंपणच शेत खाऊ लागते तेव्हा: फायरवॉल म्हणून वापरल्या जाणाऱ्या राउटरमधील उणिवा

प्रश्न असा आला आहे. लोअर परळमधील एका गाळ्यात २२ संगणकांचे कार्यालय आहे. टॅलीचा सर्व्हर तिथेच एका कोपऱ्यात चालतो, सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा डीव्हीआर त्याच स्विचला जोडलेला आहे, आणि इंटरनेटच्या बाजूला चार वर्षांपूर्वी बसवलेला एकच राउटर आहे. बसवून देणाऱ्याने ‘यातच फायरवॉल आहे’ (म्हणजे बाहेरून येणारी नको ती वाहतूक अडवणारी सोय) असे सांगितले होते. आता एका विक्रेत्याने लाखाच्या घरातला वेगळा फायरवॉल सुचवला असून, मालकांना जाणून घ्यायचे आहे की जुना राउटर खरोखरच धोक्याचा आहे का, असल्यास नेमका कुठे, आणि नवी पेटी घेतल्याने तो धोका टळेल का.

मुंबई-ठाणे परिसरातील लहान व मध्यम कार्यालयांची नेटवर्क उभारण्याचे आणि तपासण्याचे काम मी १८ वर्षे करीत आहे, आणि एवढ्या आकाराच्या कार्यालयाला नीट बांधलेला राउटर फायरवॉल म्हणून पुरतो, असे माझे मत आहे. मात्र ‘राउटर काय अडवतो’ हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा की, बाहेरून येणाऱ्या अनोळखी माणसाशी हा राउटर स्वतः बोलतो का? राउटरांच्या ज्या घुसखोऱ्या जगभर गाजल्या, त्यांत राउटरने एखादे नको ते पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) चुकून आत सोडले असे क्वचितच आढळते. त्यांत खुद्द राउटरच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला होता.

आधी नॅटविषयीचा, म्हणजे अनेक संगणक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे चालवण्याच्या युक्तीविषयीचा, गैरसमज दूर करायला हवा, कारण ‘यातच फायरवॉल आहे’ असे म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा नॅटच अभिप्रेत असते. नॅटची कल्पना १९९४ सालच्या आरएफसी १६३१ या इंटरनेटविषयक तांत्रिक टिपणात मांडली गेली ती आयपी पत्ते (इंटरनेटवरील यंत्रांचे क्रमांक) कमी पडू लागले म्हणून. सुरक्षा हा तिचा हेतू नव्हता. आतील यंत्राने बाहेर पॅकेट पाठवले की राउटर आपल्या तक्त्यात नोंद करतो आणि उत्तर आले की ती नोंद पाहून ते आत पोचवतो. ज्याची नोंद नाही असे पॅकेट कोणाला द्यावे हे त्याला कळत नाही, म्हणून ते पुढे जात नाही. हा अडथळा अनायासे मिळालेला आहे, आणि त्याला एक खिंडार आहे ज्याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. समजा, त्याच केबल ऑपरेटरच्या सपाट (ग्राहकांना एकमेकांपासून वेगळे न ठेवणाऱ्या) जाळ्यावर असलेल्या शेजारच्या इमारतीतील कोणी, १९२.१६८.१.१० असा आपला आतला पत्ता लिहिलेले पॅकेट थेट आपल्या राउटरच्या बाहेरील टोकाकडे पाठवले. जगाच्या दुसऱ्या टोकाहून असे पॅकेट येऊ शकत नाही, कारण खासगी पत्ते इंटरनेटवर वाहून नेले जात नाहीत. पण शेजारून येऊ शकते. राउटरमध्ये त्याला अडवणारा स्पष्ट नियम नसेल, तर त्याला ते पॅकेट कोणाचे हे शोधण्यासाठी नॅटच्या तक्त्याची गरजच पडत नाही. पत्ता समोर लिहिलेला आहे, तो ते आत पोचवतो. राउटरचे कामच ते आहे. ऑपरेटर ग्राहकांना एकमेकांपासून वेगळे ठेवत असेल तर हे टळते. पण ते त्याच्या हाती आहे, आपल्या नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. राउटरमधून जाणारी पॅकेट आणि राउटरसाठीच आलेली पॅकेट या दोन निराळ्या वाटा आहेत. लिनक्सवर आधारलेल्या राउटरांत, म्हणजे आपल्याकडच्या बहुसंख्य राउटरांत, पहिल्या वाटेला फॉरवर्ड आणि दुसरीला इनपुट म्हणतात, आणि दोन्हींचे नियम वेगवेगळे लिहावे लागतात. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आतील संगणक असतात, त्यामुळे फॉरवर्डचे नियम काळजीपूर्वक लिहिले जातात आणि इनपुट रिकामे राहते. परिणामी राउटर आतील संगणकांची राखण करतो, पण स्वतःचे ॲडमिन पान, एसएसएच व टेलनेट (दुरून आज्ञा देण्याच्या सोयी), एसएनएमपी (देखरेखीची सोय), डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा) हे सगळे साऱ्या जगाला खुले ठेवून बसतो.

एक प्रसंग सांगतो. फोर्टमधील एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात रोज संध्याकाळी इंटरनेट रखडत असे, आणि पुरवठादाराने तक्रार पाठवली होती की तुमच्या पत्त्यावरून दुसऱ्यांवर मारा होत आहे. राउटरमध्ये १४ नियम होते आणि कागदावर पाहता ते निर्दोष होते. बाहेरून येणाऱ्या डीएनएसच्या विचारणा अडवणारा नियमही त्यांत होता. तरीही राउटर जगातील कोणालाही डीएनएसची उत्तरे देत होता, आणि कोणीतरी खोट्या परतीच्या पत्त्याने छोट्या विचारणा पाठवून त्यांची मोठमोठी उत्तरे तिसऱ्याच्या अंगावर लोटत होते. दोष सापडला तो प्रत्येक नियमासमोरच्या पॅकेटमोजणीत. ‘बाहेरून आलेले सर्व अडवा’ या शेवटच्या नियमाने ११ महिन्यांत एकही पॅकेट अडवलेले नव्हते. सार्वजनिक आयपी पत्ता मिळाल्यापासून काही मिनिटांतच कोणी ना कोणी दार ठोठावून पाहतो. ११ महिन्यांत शून्य ही मोजणी अशक्य आहे. झाले असे होते की नियम लिहिले गेले होते पहिल्या इथरनेट पोर्टच्या (तार खोचण्याच्या जागेच्या) नावाने, आणि जोडणी होती पीपीपीओईची, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन सुरू होणारी. पीपीपीओईमध्ये तार तीच असली तरी राउटरच्या दृष्टीने पॅकेट त्या पोर्टवरून येत नाही. ते पीपीपीओईच्या स्वतंत्र, आभासी इंटरफेसवरून (जोडणीच्या टोकावरून) येते. नॅटचा नियम योग्य इंटरफेसवर होता, कारण तो नसता तर इंटरनेटच चालले नसते. अडवण्याचे नियम मात्र चुकीच्या दाराशी उभे होते, आणि मोजणी पाहिल्याशिवाय ते काम करीत नाहीत हे कळण्याचा काही मार्गच नव्हता, कारण न अडवल्याने कोणाचे काही थांबत नाही. पीपीपीओईच्या जोडण्या आपल्या शहरात सर्रास आहेत, त्यामुळे ही चूक मला पुढेही अनेकदा भेटली. आपल्या राउटरमध्ये पहिल्यांदा ही मोजणी पाहावी.

इनपुट उघडे राहिल्यावर काय घडते याचे सर्वांत बोधक उदाहरण मायक्रोटिक या राउटर-कंपनीचे आहे. आपल्याकडचे लहान पुरवठादार आणि कार्यालये हेच राउटर भरपूर वापरतात, म्हणून ते जवळचेही आहे. त्याच्या विनबॉक्स या व्यवस्थापन-सेवेत, म्हणजे ८२९१ क्रमांकाच्या पोर्टवर (येथे पोर्ट म्हणजे एखाद्या सेवेचे क्रमांकाने ओळखले जाणारे दार), पासवर्ड न देताच राउटरमधील फाइल वाचता येईल असा दोष होता, आणि त्या फाइलमध्ये वापरकर्त्यांची नावे व पासवर्ड होते. दोषांच्या जागतिक यादीतील सीव्हीई-२०१८-१४८४७ या क्रमांकाने तो ओळखला जातो. कंपनीने एप्रिल २०१८ मध्ये दुरुस्ती दिली, तरी त्याच वर्षी लाखांहून अधिक राउटरांमधून जाणाऱ्या वेबपानांत आभासी चलन-खननाची स्क्रिप्ट घुसवली गेली. पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये मेरिस नावाच्या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या टोळीने) यांडेक्स या रशियन कंपनीवर सेकंदाला २ कोटी १८ लाख विनंत्यांचा मारा केला, आणि मायक्रोटिकने स्पष्टीकरण दिले की हे राउटर २०१८ मध्येच फोडले गेलेले आहेत. अनेकांनी फर्मवेअर (राउटरमधील मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केले होते. पण पासवर्ड बदलले नव्हते, आणि घुसखोराने राउटरमध्ये पेरून ठेवलेल्या वेळापत्रकातील स्क्रिप्ट व प्रॉक्सी (दुसऱ्याची वाहतूक आपल्या राउटरमार्फत वळवणाऱ्या सोयी) काढल्या नव्हत्या. पॅच, म्हणजे दुरुस्ती, लावल्याने कुलूप दुरुस्त होते. चोराने काढून नेलेली किल्लीची नक्कल परत येत नाही.

विक्रेत्याने सुचवलेल्या महाग पेटीविषयीही येथेच बोलतो, कारण तिला हाच न्याय लागू आहे. फोर्टिनेटच्या फायरवॉलमधील एसएसएल व्हीपीएन या, बाहेरून कार्यालयाच्या जाळ्यात येण्याच्या सोयीतील दोषाची दुरुस्ती २०१९ मध्ये उपलब्ध झाली, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे ८७,००० उपकरणांची लॉगिन-माहिती उघड्यावर आली. त्यांतील काहींनी पॅच मागाहून लावला असला तरी पासवर्ड तेच असल्यास उपयोग शून्य होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्कोच्या आयओएस एक्सई प्रणालीतील वेब-पानाच्या दोषातून हजारो राउटर ताब्यात गेले. एप्रिल २०२४ मध्ये पालो आल्टोच्या फायरवॉलमधील ग्लोबलप्रोटेक्ट या दूरस्थ प्रवेशाच्या सुविधेत १० पैकी १० तीव्रतेचा दोष निघाला. या कंपन्यांची उत्पादने वाईट आहेत असे मला सुचवायचे नाही. त्या नामांकित आहेत आणि त्यांची दुरुस्ती लवकर येते. मुद्दा एवढाच की प्रत्येक वेळी दोष होता तो बाहेरून दिसणाऱ्या एखाद्या पानात किंवा लॉगिनच्या दारात. ती सेवा बाहेरून बंद असती, तर दोष असूनही तो दुरून वापरता आला नसता. लाखभर रुपयांची पेटी घेऊन तिचे ॲडमिन पान सार्वजनिक पत्त्यावर उघडे ठेवणाऱ्यापेक्षा, आठ हजारांचा राउटर पूर्ण मुका करून ठेवणारा अधिक सुरक्षित आहे.

चार वर्षांचे वय ही मात्र खरी चिंता आहे. राउटरचे फर्मवेअर एकाच ठिकाणी लिहिले जात नाही. चिप बनवणारा, सुटे भाग लिहिणारा आणि वर आपला छाप मारणारा हे तिघे वेगळे असतात, आणि दुरुस्ती या साखळीत कुठेही अडकते. रोमपेजर नावाच्या एका छोट्या वेब-सर्व्हरचे उदाहरण घ्या. त्यातील कुकी हाताळण्याचा दोष त्याच्या निर्मात्याने २००५ मध्येच दुरुस्त केला होता; डिसेंबर २०१४ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा-कंपनीने तो जाहीर केला तेव्हा निदान १ कोटी २० लाख घरगुती व लहान कार्यालयांच्या राउटरांत जुनीच आवृत्ती चालू होती. याशिवाय आयुष्य संपलेल्या उपकरणांना दुरुस्ती मिळतच नाही. सिस्कोच्या आरव्ही ११०, १३० आणि २१५ या लहान कार्यालयांसाठीच्या राउटर-फायरवॉलमध्ये यूपीएनपीचा (आतील यंत्रांनी राउटरला सांगून परस्पर पोर्ट उघडून घेण्याच्या सोयीचा) गंभीर दोष निघाला तेव्हा, ऑगस्ट २०२१ मध्ये, कंपनीने पॅच देणार नसल्याचे स्पष्ट सांगितले. लॅमिंग्टन रोडवर असे जुने, चकाचक पुसलेले राउटर निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. शिकण्यासाठी ते उत्तम आहेत, दारावर बसवण्यासाठी नाहीत. आपल्या राउटरचे मॉडेल आणि शेवटच्या फर्मवेअरची तारीख निर्मात्याच्या संकेतस्थळावर पाहावी. आधार संपला असेल तर बाकी सारी चर्चा सोडून तो बदलावा.

मोठ्या दर्जाच्या राउटरमध्ये, विशेषतः जुन्या पठडीतल्या अभियंत्यांनी बांधलेल्या, आणखी एक उणीव आढळते: केवळ ॲक्सेस लिस्टवर (‘हे सोडा, ते अडवा’ अशा नियमांच्या यादीवर) भिस्त. साधी ॲक्सेस लिस्ट प्रत्येक पॅकेट सुटेपणाने तपासते; आधी काय घडले याची तिला आठवण नसते. ‘एस्टॅब्लिश्ड’ हा शब्द लिहिला की ती चालू संवादाचीच पॅकेट आत सोडते असे समजले जाते, पण प्रत्यक्षात ती एवढेच पाहते की टीसीपी (आधी जोडणी जुळवून चालणाऱ्या पद्धतीच्या) पॅकेटवर एसीके (पोच) किंवा आरएसटी (जोडणी तोडणे) यांची खूण आहे का. ती खूण पाठवणाऱ्याच्या हातात असते. सोसायटीच्या फाटकावर ‘मला वरच्यांनी बोलावले आहे’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला आत सोडणारा वॉचमन असावा तसे हे आहे. वही उघडून किंवा इंटरकॉमवर विचारून खातरजमा करणारा वॉचमन म्हणजे स्टेटफुल फायरवॉल. अशा खोट्या पॅकेटने नवा संवाद सुरू होत नाही हे खरे, पण आत कोणती यंत्रे आहेत हे चाचपता येते. यूडीपीत (जोडणी न जुळवता पाठवण्याच्या पद्धतीत) तर अशी खूणच नसते, म्हणून डीएनएसची उत्तरे येऊ देण्यासाठी ‘५३ क्रमांकाच्या पोर्टवरून आलेले सोडा’ असा नियम लिहिला जातो, आणि मग हल्लेखोर आपले पॅकेट ५३ वरूनच पाठवतो. स्टेटफुल तपासणी आज स्वस्त राउटरांतही आहे, ती वापरावी. तिचा तक्ता मर्यादित असतो आणि भरला की नव्या जोडण्या नाकारल्या जातात, इतके लक्षात असू द्यावे.

सिपसारख्या (इंटरनेट-दूरध्वनीच्या) प्रोटोकॉलसाठी राउटरमध्ये जे ‘मदतनीस’ असतात, ज्यांना एएलजी म्हणतात, ते बंद करावेत. हे मदतनीस पॅकेटचा मजकूर वाचून आपणहून पोर्ट उघडतात. सॅमी कामकार या संशोधकाने ऑक्टोबर २०२० मध्ये दाखवले की आतील माणसाने नुसते एक वेबपान उघडले तरी ब्राउझरकडून सिपसारखे भासणारे पॅकेट पाठवून राउटरला फसवता येते. ब्राउझरांनी पुढे ते पोर्ट बंद केले, पण ज्या कार्यालयात इंटरनेट-दूरध्वनी नाही तिथे हा मदतनीस चालू ठेवण्याचे कारणच काय?

आयपीव्ही ६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत, हा विषय मात्र घाईने सोडण्यासारखा नाही. आपल्या देशात त्याचा प्रसार जगातील आघाडीच्या देशांइतका आहे, आणि फायबरची जोडणी घेतल्यावर तो अनेकदा न सांगता चालू होतो. त्यात नॅट नसते. प्रत्येक संगणकाला, प्रिंटरला, डीव्हीआरला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो. बहुतेक राउटरांत आयपीव्ही ४ (जुनी पद्धत) आणि आयपीव्ही ६ यांचे नियम वेगळ्या जागी लिहावे लागतात, आणि मी तपासलेल्या कित्येक ठिकाणी पहिल्या जागी वीस नियम आणि दुसऱ्या जागी एकही नाही असे चित्र होते. एवढ्या अफाट पत्त्यांत आपला पत्ता शोधून काढणे अवघड आहे हे मान्य. पण आपण भेट दिलेल्या प्रत्येक संकेतस्थळाच्या नोंदवहीत तो आपोआप उमटतो. दोनच मार्ग आहेत: तेच नियम आयपीव्ही ६ साठीही लिहावेत, किंवा गरज नसेल तर तो राउटरवरच बंद ठेवावा.

आता आपल्या टॅली सर्व्हरविषयी आणि डीव्हीआरविषयी. टाळेबंदीच्या काळात घरून काम करता यावे म्हणून असंख्य कार्यालयांनी रिमोट डेस्कटॉपचा (दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचा) ३३८९ हा पोर्ट बाहेर उघडला, आणि तो तसाच राहिला. मालकांना डोंबिवलीच्या घरून कॅमेरे पाहता यावेत म्हणून डीव्हीआरचा पोर्टही उघडलेला असतो, किंवा डीव्हीआरनेच यूपीएनपीमार्फत राउटरला सांगून तो परस्पर उघडून घेतलेला असतो. असा पोर्ट उघडला की त्यापुढे राउटरच्या नियमांना अर्थ उरत नाही. २०१६ मध्ये मिराई बॉटनेटने साठेक मूळ नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून असेच डीव्हीआर आणि राउटर लाखोंच्या संख्येने गोळा केले होते. पोर्टचा क्रमांक ३३८९ ऐवजी ३३८९० केल्याने काही साधत नाही. यूपीएनपी बंद करावे, सर्व पोर्ट-फॉरवर्डिंग (बाहेरचे पोर्ट आतील यंत्रांकडे वळवणे) काढावे, आणि बाहेरून येण्यासाठी एकच दार ठेवावे. माझी पसंती वायरगार्ड या व्हीपीएनला (किल्लीने उघडणाऱ्या खासगी वाटेला) आहे: ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही त्याला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. डीव्हीआर वेगळ्या व्हीलॅनवर (जाळ्याच्या वेगळ्या काढलेल्या भागावर) ठेवावा आणि त्याला टॅलीच्या सर्व्हरकडे जाण्याची मुभा नसावी.

पुरवठादाराने दिलेल्या ओएनटी (फायबरच्या टोकाच्या) पेटीचा विसर पडू देऊ नये. तिच्यावर दूरस्थ व्यवस्थापनाची सोय असते. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी कोलमडली ती याच व्यवस्थापनासाठीच्या ७५४७ पोर्टवरील माऱ्याने. आणि जुलै २०१७ मध्ये आपल्याकडे बीएसएनएलच्या ग्राहकांचे मोडेम मूळ पासवर्ड न बदलल्यामुळे मालवेअरच्या तडाख्यात सापडले, तेव्हा कंपनीला ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन करावे लागले. पुरवठादाराला ती पेटी ब्रिज पद्धतीने (नुसती पॅकेट पुढे देणारी वाट म्हणून) चालवायला सांगावे, म्हणजे सार्वजनिक पत्ता आणि जबाबदारी दोन्ही आपल्या राउटरवर येतील. तो नकार देत असेल, तर ती पेटी परकी आहे असे समजून तिच्या बाजूने येणाऱ्या पॅकेटांना इंटरनेटइतकेच अविश्वासाने वागवावे.

नोंदींबाबत एक कायदेशीर बाजू आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घुसखोरीसारख्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या आहेत आणि लॉग (नोंदी) १८० दिवस राखायचे आहेत. लहान राउटर आपल्या स्मृतीत काही शे ते हजारभर ओळी ठेवतो आणि वीज गेली की त्याही पुसल्या जातात. शिवाय घड्याळ जुळवलेले नसेल तर नोंदींवर १ जानेवारी १९७० ची तारीख पडते. कार्यालयात नास (जाळ्यावरील साठवण-पेटी) असेल तर राउटरचे लॉग सिसलॉगने (नोंदी दुसऱ्या यंत्राकडे धाडण्याच्या सोयीने) त्यावर पाठवावेत आणि वेळ एनटीपीने (जाळ्यावरून घड्याळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवावी.

तेव्हा आपल्या बाबतीत मी असा क्रम धरेन. फर्मवेअरचा आधार शिल्लक आहे का ते आजच पाहावे. असल्यास राउटर पूर्ण कोरा करून नवे फर्मवेअर घालावे आणि नियम पुन्हा हाताने लिहावेत. जुना बॅकअप परत चढवू नये, कारण काही पेरले गेले असेल तर तेही त्याबरोबर परत येईल. सर्व पासवर्ड बदलावेत. ॲडमिन पान फक्त आतील एका ठरावीक संगणकावरून उघडेल असे करावे. वेगळ्या फायरवॉलचा खर्च तेव्हाच करावा, जेव्हा त्याचे वार्षिक नूतनीकरण भरण्याची आणि पॅच आल्याच्या आठवड्यात तो लावणारा माणूस ठेवण्याची तयारी असेल.

आणि तपासणी बाहेरून करावी. अनेक जण कार्यालयात बसूनच आपला सार्वजनिक पत्ता ब्राउझरमध्ये टाकतात. राउटर ती विनंती आतूनच आलेली मानतो, त्यामुळे निष्कर्ष दोन्ही बाजूंनी चुकतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून एनमॅप या पोर्ट तपासण्याच्या साधनाने आपल्या पत्त्याचे सर्व ६५,५३५ टीसीपी पोर्ट आणि नेहमीचे यूडीपी पोर्ट, निदान ५३, १२३, १६१ आणि १९००, तपासावेत, आयपीव्ही ६ चालू असेल तर त्याचीही वेगळी फेरी करावी, आणि त्यानंतर राउटरवर परत येऊन ‘अडवा’च्या नियमासमोरची मोजणी वाढली आहे का ते पाहावे. ती वाढली नसेल, तर नियम अजूनही चुकीच्या दाराशी उभा आहे.